नाही म्हणण्याची परीक्षा

आदरणीय आत्या नेई ताबेरा, आणि हे पत्र तिला वाचून दाखवणारे तेकाई मास्तर,

तुम्हां दोघांना दुरून मौरी. आत्या, गुडघा कसा आहे? बाबईच्या कंदांच्या खड्ड्यात उतरताना अजून दुखतो का? खड्ड्यात पुन्हा खारं पाणी शिरलं असं अकोया फोनवर सांगत होती, पण मधेच फोन तुटला, त्यामुळे पीक वाचलं की गेलं ते मला अजून कळलेलं नाही. मास्तर, तुमचा दमा? डुकरीण व्याली का? मी इथे खुशाल आहे. वजन सहा किलोंनी वाढलं आहे. (मास्तर, हे मोठ्याने वाचू नका, दारात बायका बसलेल्या असतील.) हे पत्र सुट्टीवर निघालेल्या एका पोरीच्या हाती तारावापर्यंत आणि तिथून बोटीने माराकेईला येईल. तिच्याकडे वाचायचा एक चष्मा पण दिला आहे. तो आत्याचा आहे, मास्तर, तुमचा नाही.

तुझा निरोप पोहोचला, आत्या. जानेवारीत अकोया मुलांना घेऊन तारावाहून तुझ्याकडे आली, तेव्हा तू आमच्या धाकटीला, रूताला, नात म्हणून कायमची मागून घेतलंस आणि अकोयाने ती दिली. वडीलधाऱ्याने मागितलं, सुनेने दिलं, सगळं रीतीला धरून झालं. पण तेव्हा एक गोष्ट तुम्हां दोघींनाही ठाऊक नव्हती. मी ज्या योजनेखाली इथे ऑस्ट्रेलियात कामाला आलो आहे, तिच्यात नवा नियम निघाला आहे की ज्याचं काम चोख आहे अशा कामगाराला बायकामुलांना इथे आणता येईल. फॉर्म माझ्यासमोर टेबलावर आहे. अकोयाचं नाव लिहिलं, मुलाचं, बारानिकोचं लिहिलं, तिसरी ओळ कोरी आहे. तिथे रूताचं नाव लिहायचं की नाही हे तुझ्या-माझ्यात ठरायचं आहे. उत्तर देतो. पण त्याआधी इथे काय काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर माझं उत्तर तुला कळणार नाही. (आणि खरं सांगायचं तर उत्तर लिहायची मला भीती वाटते, म्हणून मी लांबण लावतो आहे.)

तर ऐक. इथल्या सरकारचं धोरण असं आहे की बाहेरून आलेल्या माणसाला नुसतं कामाला जुंपायचं नाही, त्याला इथल्या कामकऱ्यांत नीट मिसळून घ्यायचं. हेतू चांगला आहे, मी नावं ठेवत नाही. आपल्या माराकेईवर तरी वेगळं काय करतात? नवा माणूस बोटीतून उतरला की त्याला आधी बेटाभोवती उजवीकडून फेरी घालायला लावतात, चार ठिकाणच्या चार देव्यांपुढे तंबाखू ठेवायला लावतात, आणि मगच तो कोणाच्या घरी जेवू शकतो. एक दिवस लागतो. इथे अकरा दिवस लागले. देव्या चारच होत्या, पण प्रत्येकीची वेगळी पुस्तिका, आणि पुस्तिकेच्या शेवटी प्रश्न. आग लागली तर काय करायचं, साप चावला तर काय करायचं, साहेबाने छळलं तर कोणाला फोन करायचा, आणि उन्हात टोपी घालायची. (टोपीवर पूर्ण अर्धा दिवस घालवला. मी विषुववृत्तावर जन्मलेला माणूस.) शेवटी एक पिशवी दिली आणि छातीवर लावायची नावाची पट्टी दिली. तिच्यावर ताराकाबू मावेना, म्हणून त्यांनी मला विचारून ‘टेरी’ केलं. विचारलं हे महत्त्वाचं. मला नाही म्हणता आलं असतं असं मात्र समजू नकोस. नाही म्हणण्याचाच तर सगळा घोटाळा आहे, तो पुढे येतो.

मिसळून घेण्याच्या कामावर आमच्या भागाला एक बाई नेमली आहे, लीॲन प्राउस. दर गुरुवारी शेजारच्या मोठ्या गावाहून सरकारी पांढरी गाडी हाकत येते, सोबत डबाभर बिस्किटं आणि प्लास्टिकमध्ये मढवलेले तक्ते. वय पंचेचाळीस, नवऱ्याची मेंढरं, दोन मुली, स्वभावाने सोनं. पहिल्याच गुरुवारी तिने माझ्याकडे बघून म्हटलं, ‘‘अय्या, काय सुरेख शर्ट आहे हो. मला असा कुठे मिळेल?’’ आत्या, तो शर्ट तू शिवलेला होता, पिवळ्या फुलांचा. पण बाई तो मागून बसली होती, आणि चारचौघांत. मी दुसऱ्या गुरुवारी शर्ट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून तिच्या पुढ्यात ठेवला. ती लाल झाली. नको नको म्हणाली. मग मी उदास झालो, तेव्हा हो हो म्हणाली. मग तिने एक वही काढली, कारण सरकारी माणसाला कोणी काही दिलं तर ते लिहून ठेवावं लागतं, आणि लिहिलं: ‘पुरुषांचा शर्ट, एक, फुलाफुलांचा, वापरलेला.’ वापरलेला हा शब्द मला लागला, पण खोटा नव्हता.

जाताना ती म्हणाली, ‘‘टेरी, तुम्हाला काहीही लागलं तर बिनधास्त मागा बरं का. त्यासाठीच मी आहे.’’

आता तूच सांग. शर्ट घेतला, वर तोंडाने सांगितलं की मागा. मी आठवडाभर विचार केला. इथून समुद्र सात तासांवर आहे. गव्हाची तीन कोठारं, एक दारूचं दुकान, फुटबॉलचं मैदान, आणि त्यापलीकडे जमीन, जमीन, जमीन. पाणी बघून मला चार महिने झाले होते. पुढच्या गुरुवारी मी तिच्या खोलीत गेलो आणि रीतसर मागितलं. म्हणजे खाली बसून, मांडी घालून, नजर जमिनीकडे ठेवून. (गालिचा होता, बरं पडलं.) म्हटलं, ‘‘लीॲनबाई, तुमची ती पांढरी गाडी मला द्या.’’

‘‘कुठे सोडू का तुम्हाला?’’

‘‘नाही. गाडी द्या.’’

ती माझ्यासमोर गालिच्यावर येऊन बसली. तिला वाटलं मला चक्कर आली आहे. मग कळल्यावर म्हणाली, ‘‘अहो, ती माझी नाही, खात्याची आहे.’’

‘‘खाते कुठे राहतात? वयस्कर आहेत का? मी जाऊन त्यांना मागतो.’’

‘‘खातं म्हणजे माणूस नाही हो. खातं म्हणजे... खातं.’’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आत्या. आपण काय करतो? नवी सायकल आली की पाहुणे यायच्या आत ती शेजाऱ्याच्या झोपडीमागे लपवतो, कारण दिसली तर मागतील, आणि मागितली तर द्यावी लागेल. या लोकांनी त्यावर वरताण केली आहे. द्यायची नसेल ती वस्तू ते खात्याच्या नावावर करून ठेवतात आणि राजरोस दारात उभी करतात. मी मनातल्या मनात हात जोडले.

मग तिला मी आपली मागण्याची रीत समजावून सांगितली, बुबुसी म्हणतात हेही सांगितलं. आप्ताने, शेजाऱ्याने, थोरामोठ्याने समोर बसून मागितलं की द्यायचं. आज तू दे, उद्या मी देईन, म्हणून तर वाळूच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर आजवर कोणी उपाशी मेला नाही. ती मन लावून ऐकत होती. म्हणाली, ‘‘म्हणजे तुमच्यात नाही म्हणताच येत नाही?’’

‘‘येतं की. नंतर तोंड दाखवता येत नाही, एवढंच.’’

तिने हे लिहून घेतलं. मी तिरप्या नजरेने वाचलं: ‘सांस्कृतिक अडथळा. पाठपुरावा करणे.’ अडथळा मी होतो.

आता आमच्या होमबद्दल. इथे म्हाताऱ्यांना घरातल्या घरात सांभाळत नाहीत, त्यांच्यासाठी एक होम असतं, आणि आम्ही किरिबासची सात माणसं तिथे त्यांना आंघोळ घालतो, भरवतो, चालवतो. (तू विचारलं होतंस की त्यांना त्यांची माणसं नाहीत का. आहेत. येतात. रविवारी. केक आणतात.) आम्ही सांभाळतो त्या बाजूच्या एका खोलीत डॉट हेनेसी म्हणून अठ्ठ्याऐंशी वर्षांची आजी आहे. सारा जन्म मेंढरांत काढला, आवाज अजून कुत्र्याला हाक मारल्यासारखा. आठवण मात्र मोठ्या भोकांच्या जाळ्यासारखी झाली आहे, मोठे मासे राहतात आणि बारीक निसटून जातात. तिला मी आवडतो. आणि तिला मागायला आवडतं.

पहिल्या आठवड्यात तिने माझं घड्याळ मागितलं. दिलं. मग लोकरीची टोपी. मग माझा डबा, भात आणि डब्यातला मासा; होमच्या जेवणाला सहा महिने नावं ठेवणाऱ्या तिने तो चाटूनपुसून खाल्ला. मग सपाता. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईने हात पुढे केल्यावर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होतो? आम्ही सातही जण एकेक करून नागवले जात होतो. एकाचा पट्टा गेला, एकीची कर्णफुलं गेली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. शेवटी एका मंगळवारी सरकारी तपासनीस बाई आल्या, तर दाराशीच खुर्चीत डॉट आजी: डोक्याला माझी टोपी, मनगटाला माझं घड्याळ, पायात माझ्या सपाता आणि छातीवर पट्टी ‘टेरी’. तपासनीस बाईंनी विचारलं, आपण इथे काय करता? आजी म्हणाली, ‘‘मी इथे कामाला असते. पगार कमी आहे, पण माणसं चांगली आहेत.’’ तपासनीस बाईंनी तिच्याकडून जेवणाची आणि गाद्यांची माहिती घेतली. पंधरा मिनिटं.

आमचा मॅनेजर क्रेग मऊ माणूस आहे, पण त्या दिवशी त्याने कपाळाला हात लावला. घटनेचा अहवाल झाला. अहवालात असं आलं की आपला कर्मचारी ‘व्यावसायिक मर्यादा’ पाळत नाही. आणि फॉर्मच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय? ज्याच्या नावावर न मिटलेला अहवाल आहे, त्याला कुटुंब आणता येणार नाही. मिटवायचा कसा? ‘व्यावसायिक मर्यादा’ या विषयाची परीक्षा देऊन. तीनदा बसता येतं. तिन्हीदा नापास झालं तर पुढच्या वर्षी, आणि तोवर नियम राहील की नाही ते खातं जाणे. आत्या, मी हसत लिहितो आहे, पण त्या रात्रीपासून मला झोप नव्हती. बारानिकोला कंठ फुटतोय असं अकोया म्हणते. मी निघालो तेव्हा तो माझ्या कमरेला लागत होता. रूता दोन वर्षांची होती, आता पाच. फोनवर ती मला ‘ते काका’ म्हणाली होती एकदा, अकोयाने तिला गप्प केलं ते मी ऐकलं.

परीक्षक लीॲनच. ती नाटकात म्हातारी व्हायची आणि मी तिला नाही म्हणायचं. पहिल्या खेपेला ती खुर्चीत वाकून बसली, आवाज कापरा केला आणि म्हणाली, ‘‘पोरा, तुझे बूट किती छान आहेत, मला दे ना.’’ मी बूट काढले. ‘‘टेरी, ही परीक्षा आहे.’’ मला ठाऊक होतं, पण नाडी आधीच सुटली होती. नापास.

दुसऱ्या खेपेला मी हुशारी केली. आपल्याकडे करतो तशी. ती ‘बूट’ म्हणायच्या आत मी म्हटलं, ‘‘हे बूट आधीच माझ्या मेव्हण्याने मागून ठेवलेत.’’ ती थबकली. तिने तक्ता उलटसुलट पाहिला. खोटं बोलणं हे नाही म्हणणं धरायचं का, याबद्दल तक्त्यात काही नव्हतं. तिने मोठ्या गावात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, अंशतः उत्तीर्ण, म्हणजे नापास. क्रेग जवळच उभा होता. म्हणाला, ‘‘गड्या, मी तर दर शनिवारी हेच सांगतो सासऱ्याला.’’

मग तिने मला तीन पायऱ्या शिकवल्या. त्या मी पाठ केल्या, बाथरूममध्ये आरशासमोर घोकल्या. पहिली: समोरच्याचं म्हणणं ऐकल्याचं सांगा. दुसरी: कारण देऊन स्पष्ट नकार द्या. तिसरी: दुसरं काहीतरी देऊ करा. आता गंमत बघ. हा तक्ता छापणाऱ्या लोकांपैकी एकानेही माझ्यासमोर आजवर नाही म्हटलेलं नाही. क्रेगकडे रजा मागा: ‘‘बघू या.’’ डॉक्टरला विचारा: ‘‘तसं काही सांगता यायचं नाही.’’ शेजाऱ्याकडे शिडी मागा: ‘‘हो, नाही, म्हणजे तसं नाही, पण...’’ आणि एवढं बोलून तो आत जातो. हे लोक नाही म्हणायला आम्हाला शिकवतात, ते बहुधा स्वतःला जमत नाही म्हणून.

तिसऱ्या परीक्षेच्या गुरुवारी लीॲन यायला अवकाश होता. डॉट आजी रोज दुपारी साडेतीनला एकच मागणी करते, कोणालाच पुरी करता येणार नाही अशी. ‘‘पोरा, मला घरी घेऊन चल.’’ तिचं घर गावापासून बारा कोसांवर होतं. विकलं. दुसरेच लोक राहतात, पडवीसुद्धा पाडली. सगळे तिला म्हणतात, ‘‘उद्या हं, आजी.’’ नर्स म्हणते उद्या. क्रेग म्हणतो उद्या. मुलगा रविवारी केक घेऊन येतो आणि म्हणतो पुढच्या आठवड्यात. ती रोज त्या वेळेला पर्स मांडीवर घेऊन तयार होऊन बसते.

त्या दिवशी मी तिची चाकाची खुर्ची फाटकापर्यंत नेली. घड्याळ मी देऊ शकत होतो, सपाता देऊ शकत होतो, पण ते घर माझ्याकडे नव्हतं द्यायला. मी तिच्यापुढे खाली बसलो, मांडी घालून, आणि म्हटलं, ‘‘आजी, तू घरी जायचं म्हणालीस ते मी ऐकलं. नाही. घर विकलं गेलं आहे. मी तुला तिथे नेऊ शकत नाही. आज नाही, उद्याही नाही.’’ तिसरी पायरी मी विसरून गेलो.

तिने मांडीवरची पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, ‘‘कळलं. एकाने तरी सांगितलं बाबा. बाकीचे मला वेडीच समजतात.’’ आणि मग, ‘‘चल आत, चहा गार होईल.’’ मी वळलो तर मागे लीॲन उभी, तक्ते छातीशी धरून, डोळे पुसत. तिने परीक्षा घेतलीच नाही. जागच्या जागी उत्तीर्ण लिहिलं. आता लोकांना वाटतं मी शिकलो. पण आत्या, म्हातारी दुसऱ्या दिवशी सगळं विसरली आणि साडेतीनला पुन्हा पर्स घेऊन बसली. आता रोज मी तिला नाही म्हणतो आणि रोज तिला ते नव्याने लागतं. पंधरा मिनिटांनी ती आत येऊन चहा पिते. ‘उद्या’ ऐकून ती रात्री आठपर्यंत बसून राहायची. कोणतं बरं, ते मी रोज स्वतःला विचारतो. तरी मला ‘नाही’च बरं वाटतं.

तर अशा रीतीने अहवाल मिटला आहे आणि फॉर्म भरायला मी मोकळा आहे. तुझ्या मागणीचं उत्तर आता देतो, शिकवलं तसं, पायरी पायरीने. आत्या, तू रूताला नात म्हणून मागितलंस ते मी ऐकलं. कारणही मला ठाऊक आहे. तुझा पोरगा इओतेबा जहाजावर गेला तो तिकडेच घर करून राहिला, घरात तुझ्याखेरीज कोणी नाही, आणि संध्याकाळी बोलायला माणूस लागतं. परंतु सध्याच्या परिस्थितीत, कुटुंब एकत्र राहावं या कारणास्तव, मी तुझी मागणी मान्य करू शकत नाही. त्याऐवजी मी तुला दर महिन्याला फोन करीन आणि चष्मा पाठवतो आहे.

गुडघ्याला नारळाचं तेल कोमट करून लावत जा. सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा भाचा,
ताराकाबू
(पट्टीवर: टेरी)

ता.क. वरची तीन पायऱ्यांची ओळ मी अकोयाला फोनवर वाचून दाखवली. ती आधी हसली, आणि मग म्हणाली, ‘‘हे आत्याला पाठवलंत तर माराकेईवर तुमच्यावर गाणं रचतील, आणि पहिली ओळ मी देईन.’’ पत्र परत लिहायला वेळ नाही, पोरीचं विमान दुपारी आहे. तेव्हा मास्तर, तो परिच्छेद वाचला असेल तर तो वाचला नाही असं समजा.

ता.क. २. मास्तर, इथून पुढचं तुम्ही वाचू नका. चष्मा आत्याला द्या, पत्र तिच्या हातात द्या आणि डुकरिणीकडे बघून या.

आत्या, आई गेल्यावर तू मला पोटाशी घेऊन झोपलीस. पहिला मासा मला वाढलास. मी तारावाला शिकायला निघालो तेव्हा बोटीकडे पाठ करून उभी राहिलीस, कारण समोर राहिली असतीस तर मी गेलो नसतो. तुला मी पायऱ्या कसल्या सांगतो? तुझ्यासाठी माझ्याकडे ‘नाही’ नाही. तू मागितलंस, अकोयाने दिली, आज मीही देतो. रूता तुझी. फॉर्ममध्ये तुझंही नाव घालता येईल का ते मी लीॲनला विचारलं होतं. तिने सगळे नियम धुंडाळले. बायको आहे, मुलं आहेत, ‘आत्या’ कुठेच नाही. मी विचारलं, ज्याने ही यादी केली त्याला आत्या नव्हती का? ती म्हणाली, खातं.

ता.क. ३. रूता आता तुझी आहे, म्हणजे तिला मागायचं तर ते तुझ्याकडेच मागायला हवं. म्हणून मी मागतो आहे. या क्षणी मी होमच्या मागच्या ओसरीत जमिनीवर बसलो आहे, मांडी घालून, नजर खाली. (क्रेग येऊन पाठ धरली का विचारून गेला.) आत्या, मला रूता दे. तिला मी कोण हे कळायच्या आत ती मोठी होऊन जाईल, याची मला भीती वाटते. बदल्यात तू माझ्याकडे काहीही माग. काहीही.

ता.क. ४. सोबत फॉर्मचं चौथं पान आहे. मूल ज्याच्याजवळ राहतं त्या माणसाची सही तिथे लागते, म्हणजे तुझी. सहीच्या वर दोन चौकटी आहेत, एक ‘हो’ची आणि एक ‘नाही’ची. लीॲनला मी सांगितलं की आमच्याकडे दुसरी चौकट छापायची गरज नव्हती, बुबुसीला कोणी नाही म्हणत नाही. ती म्हणाली, ‘‘मग त्यांच्या ‘हो’ला अर्थ काय, टेरी?’’ चार दिवस मी त्यावर विचार करतो आहे. तुला आजवर कोणी मागताना हे सांगितलं नसेल, मीही कधी सांगितलं नाही, म्हणून आता सांगतो: तुला नाही म्हणता येतं. तू नाही म्हणालीस तरी मी माराकेईला येईन, तुझ्यासमोर बसून जेवीन, आणि तोंड लपवणार नाही, तूही लपवू नकोस. दुसरी चौकट तुझ्यासाठी आहे. ती खरी आहे. मी तिच्यावर काट मारलेली नाही.

फक्त, आत्या, नाही म्हणू नकोस.